माझ्या अंगावरची खोळ

मी बोलतोय असं म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणतो. खरं तर मी घुरघुरतो. मी एक आडवा, पेटीसारखा, वरून झाकण उघडायचा फ्रीझर. पूर्वी पांढरा होतो, आता ताकाच्या रंगाचा म्हणा. स्वयंपाकघराला लागून एक अरुंद खोली आहे. तिथे धुण्याचं यंत्र, केरसुण्या आणि टाकवत नाहीत अशा खुर्च्या राहतात. त्यांच्यात माझा मुक्काम आहे.

माणसांना वाटतं, फ्रीझरचं काम गार करणं. ते आहेच. पण आमच्या जातीत हुशार कोणाला म्हणतात ठाऊक आहे? जो पटकन गार करतो आणि मग गप्प बसतो, त्याला. थोडं चालावं, थांबावं, पुन्हा थोडं चालावं. न थांबता चालणारा फ्रीझर कामसू नसतो, आजारी असतो. हे माणसांना पटत नाही. त्यांच्यात सतत धावणाऱ्याचं कौतुक होतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याच्या दोन भिंती केल्या, मधे फेस भरला. आतल्या भिंतीला चिकटून एक बारीक नळी फिरवली आणि बाहेरच्या भिंतीला चिकटून दुसरी. आतली नळी गारवा करते आणि बाहेरची नळी आतली उष्णता बाहेर टाकते. त्यामुळे माझ्या कुशी हाताला कोमट लागतात. त्यात काही बिघाड नाही, तो माझा श्वास आहे. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं रामायण त्या कुशींपायी घडलं.

माझा पहिला मालक आइस्क्रीमवाला होता. बोलायला खडूस, पण हाताचा स्वच्छ. झाकणाचं रबर रोज पुसायचा. आत बोटभर बर्फ साचला की दुकान बंद ठेवून मला रिकामा करायचा, बर्फ आपोआप वितळू द्यायचा आणि कोरडा करून मगच चालू करायचा. पुढे त्याचे गुडघे गेले, दुकान गेलं आणि मी विकला गेलो.

मला विकत घेणारा गृहस्थ शहरातली बस चालवतो. त्याची आई त्याच्यावर रागावली की त्याला 'चिरंजीव' म्हणते, आणि ती बहुतेक वेळ रागावलेलीच असते, म्हणून मीही तेच नाव धरलं. मला चौघांनी जिन्यावरून वर चढवलं तेव्हा आई दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"हे काय आणलंस?"

"स्वस्तात मिळाला, आई."

"म्हैस मिळाली असती तर दूध तरी दिलं असतं."

घरात तेव्हा तिघंच होती. आई, चिरंजीव आणि सूनबाई. सूनबाई जमीन मोजायच्या खात्यात कामाला. मोजणीच्या दुर्बिणीची तिपाई खांद्यावर टाकून उन्हातान्हात हिंडायची आणि घरी येऊन आधी माझं झाकण उघडून तोंडावर गार वारा घ्यायची. मला ते आवडायचं. बाकी माझा उपयोग म्हणाल तर मटार, मक्याचे दाणे, मासे आणि काही डबे, ज्यांत काय आहे हे ठेवणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. वरचं काढायचं, वरच ठेवायचं. तळाला कोणी हात घालत नसे.

आईबद्दल सांगायला हवं. तिची हयात कपड्यांच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवण्यात गेली. नोकरी संपली पण हात थांबेनात. मग तिने घरातल्या वस्तूंना खोळी शिवायला घेतल्या. मिक्सरला झगा, टीव्हीला पडदा, रिमोटला पिशवी, गॅसच्या टाकीला परकर, खुर्च्यांच्या पायांना मोजे. ज्याच्यावर तिचा जीव जडेल ते ती झाकणार.

"आई, मी जरा वेळ एका जागी बसलो तर मलाही कव्हर घालशील," चिरंजीव म्हणायचे.

"कापड फुकट जाईल," आई म्हणायची. "तू धुळीतच वाढलास."

मी मात्र बराच काळ उघडाच राहिलो. मी तिचा नावडता होतो ना.

मग बाळ झालं. सूनबाईची रजा संपत आली तसं घरात एकच बोलणं सुरू झालं, बाळाच्या दुधाचं काय. डबाबंद पावडरीचं दूध देऊन पाहिलं. बाळाने ते भिंतीपर्यंत उडवलं. दुसरं आणलं, तर अंगावर पुरळ उठलं. शेवटी सूनबाईने यंत्राने दूध काढून छोट्या पाकिटांत भरायला सुरुवात केली. फ्रिजचा बर्फाचा कप्पा केवढा, तर काडेपेटीएवढा. तेव्हा पाकिटं माझ्याकडे आली. म्हैस नव्हतो, तरी दूध शेवटी माझ्याच पोटात आलं.

आईला आधी ते रुचलं नाही. "शिळं पाजणार लेकराला?"

"शिळं होत नाही, आई. गोठून आहे तसं राहतं. फक्त एकदा वितळलं की पुन्हा गोठवायचं नाही."

आईने एक पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. सूनबाई कामावर गेल्यावर तिने ते कोमट पाण्यात धरून वितळवलं, बाळाला पाजलं, आणि बाळ पिऊन झोपलं. त्या दिवसापासून आईचा माझ्यावर जीव जडला. आणि जीव जडला म्हणजे काय, ते तुम्ही समजलातच.

दुपारी त्या खोलीच्या खिडकीतून ऊन येतं आणि माझ्या कुशीवर पडतं. आईने ते पाहिलं. "एवढं दूध आत, आणि याला ऊन?" असं म्हणत तिने जुन्या गोधड्या काढल्या, दोन पदर एकावर एक घेतले, बाहेरून जाड कापड लावलं आणि माझी खोळ शिवली. चार बाजूंनी जमिनीपर्यंत, वर झाकणावर वेगळं झापड, कडेला इलॅस्टिक. शिवण इतकी सरळ की माझ्या कारखान्यातल्या माणसांनीही माना डोलावल्या असत्या.

आणि मी आत गुदमरलो.

आतली उष्णता मी बाहेर टाकायचो, ती गोधडी माझ्याच अंगाला लावून ठेवायची. मग मी आणखी चालायचो, आणखी तापायचो. त्यात झापडाची कड झाकणाच्या रबरात अडकायची. झाकण लागल्यासारखं दिसे, पण लागत नसे. त्या फटीतून दमट हवा आत येई आणि भिंतींवर बर्फ होऊन बसे. बोटभर झाला, मग तळहाताएवढा जाड झाला. बर्फामुळे माझा गारवा पोटापर्यंत पोचेना. मोटर थांबायचं नाव घेईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. ज्या बाईने हे केलं, ती येताजाता माझ्यावर प्रेमाने हात फिरवत होती.

माझा आवाज घरात सगळ्यांना ऐकू येई. "फार घुरघुरतो हल्ली," चिरंजीव म्हणत. "उन्हाळा आहे," आई म्हणे.

सूनबाईला मात्र कळलं होतं. एका संध्याकाळी पाकीट ठेवायला आली तेव्हा तिने खोळीखाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. रबरात अडकलेली कडही पाहिली. तिने वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. सूनबाईने तोंड उघडलं. मला वाटलं, सुटलो. पण तिने तोंड मिटलं, अडकलेली कड हळूच सोडवली, झाकण लावलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी कड पुन्हा अडकली.

मी तिला दोष देत नाही. बाळ आईच्या भरवशावर होतं. जिच्या जिवावर रोज घराबाहेर पडायचं, तिने हौसेने शिवलेल्या वस्तूला नाव कसं ठेवायचं? तिने विचार केला असेल, चार दिवस जाऊ देत. असे चार दिवस फार लांबतात.

अशात तिच्या कामावरून बोलावणं आलं. लांब डोंगरात एका धरणासाठी मोजणी होती, आठवडाभराचा मुक्काम, आणि तुकडीची प्रमुख म्हणून पहिल्यांदाच तिचं नाव लागलं होतं. नाही म्हटलं असतं तर ती जागा दुसऱ्याला गेली असती, आणि एकदा गेली की गेली. बाळाला आठवडाभर पुरेल एवढं दूध साठलं, तरच ती जाऊ शकणार होती. ती झोप मोडून दूध काढायची, पाकिटावर तारीख टाकायची आणि माझ्या तळाशी नीट रचायची. मी दरवेळी मनातून ओरडायचो, बाई, माझा भरवसा धरू नकोस. पण बाहेर फक्त घुरघुर जायची.

जायच्या आधी रविवारी चिरंजीवांनी झाकण उघडलं आणि बर्फ पाहून कपाळाला हात लावला. मग ते स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी घेऊन आले. माझी गॅसची नळी त्या बर्फामागे, कागदाएवढ्या पत्र्याआड. पहिला घाव बसला आणि माझं सर्वांग शहारलं.

"अरे, थांब," सूनबाई धावत आली. "आत नळी आहे. फुटली तर गॅस जाईल, मग फेकूनच द्यावा लागेल."

"मग हा डोंगर काढायचा कसा?"

"बंद करायचा, झाकण उघडं ठेवायचं, आत गरम पाण्याची भांडी ठेवायची. आपोआप सुटतो."

"आणि तेवढा वेळ दूध कुठे ठेवू? डोक्यावर?"

आई दारातून सगळं ऐकत होती. "ती आली की करू," ती म्हणाली. त्या घावाचा ओरखडा माझ्या आतल्या भिंतीवर अजून आहे.

सूनबाई गेली. पहिले काही दिवस मी कसेबसे काढले. मग उकाडा असा वाढला की नळातून गरम पाणी येऊ लागलं. चिरंजीव सकाळीच बस घेऊन गेले होते. दुपारी आई पाकीट काढायला आली. झाकण उघडेना. जोर लावून ओढलं तेव्हा कर्रकन आवाज झाला. खोळीची कड बर्फात गोठून बसली होती. आत हात घालून तिने वरचं पाकीट काढलं, आणि ते तिच्या बोटांत दबलं.

मग खालचं पाकीट काढून दाबलं. ते कडक होतं, पण कोपरा मऊ. तिने चिरंजीवांना फोन लावला. बस चालवताना ते फोन घेत नाहीत, हे तिनेच त्यांना शिकवलं होतं.

"गरम हवा आत शिरतेय," ती स्वतःशी म्हणाली, आणि आतल्या खोलीतून आणखी एक गोधडी घेऊन आली. मी मनात म्हटलं, संपलं. उपचार करणाऱ्याच्याच हातून जाणार मी.

ती गोधडी नीट खोचण्यासाठी तिने हात खोळीखाली घातला आणि माझ्या कुशीला टेकला. तिथेच थांबला.

"अगं बाई," ती म्हणाली. "हा तर तापलाय."

तिने दुसरी बाजू चाचपली. मग पुन्हा पहिली. पलीकडे जमिनीवर बाळ दुपट्यावर पडून पाय झाडत होतं. आई त्याच्याकडे बघून म्हणाली, "ताप भरलेल्याला मी गोधडी घालतेय रे. आणि याच्या अंगावरून रोज हात फिरवत होते."

ती झटकन खोळ उतरवायला लागली. कड बर्फात, ती सुटेना. मग तिने तिची मोठी कात्री आणली. कारखान्यात एवढी वर्षं काढली, पण शिवून पुरा झालेला कपडा तिने कधी कापला नसेल. कात्री लावण्याआधी तिने शिवणीवरून एकदा अंगठा फिरवला. मग वरपासून खालपर्यंत कापून काढलं. माझ्या कुशींना वारा लागला. किती दिवसांनी, काय सांगू.

पण बर्फ तसाच होता, आणि तो गेल्याशिवाय माझ्यात राम येणार नव्हता. आईला ते कळलं असावं. तिने घटकाभर विचार केला, पदर खोचला आणि कामाला लागली. अस्वस्थ हातांच्या माणसाला काम सापडलं की बघत राहावं.

तिने लाकडी उलथन्याने भिंतीवरचा भुसभुशीत बर्फ खरवडून बादलीत घेतला. त्यात दुधाची पाकिटं एकमेकांना चिकटून रचली, वर पुन्हा बर्फ टाकला, आणि ती बादली माझ्याच फाडलेल्या खोळीत गुंडाळून, वर घरातल्या गोधड्या घालून पलंगाखालच्या अंधारात सरकवली. जे कापड माझा जीव घेत होतं, ते दुधाच्या कामी आलं. गोधडी वाईट नव्हती, जागा चुकली होती.

मग माझा प्लग काढला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मी गप्प झालो, पण त्या गप्प बसण्यात सुख नव्हतं. मनात एकच धाकधूक, पुन्हा चालू झालोच नाही तर?

गरम पाण्याची पातेली आत ठेवून तिने झाकण लोटलं. पाणी निवलं की बदलायची. मधेच बाळ रडलं, त्याला मऊ झालेलं पाकीट पाजलं, खांद्यावर टाकून थोपटलं आणि एका हाताने पातेलं बदललं. थोड्या वेळाने भिंतीवरची मोठी लादी आपोआप सुटून धाडकन पडली, तशी ती दचकली आणि मग हसली. मटार सापडले. मासे निघाले, त्यांच्याकडे न बघता तिने ते पिशवीत टाकले. माझ्या तळाशी पाणी जायला एक बूच आहे. तेही तिला चाचपताना सापडलं. "हे होतं होय," म्हणत तिने ते ओढलं आणि खाली परात धरली. सोड्याच्या पाण्याने मला आतून पुसलं, कोरड्या फडक्याने टिपलं. रबराच्या एकेका घडीत बोट घालून मळ काढला. आइस्क्रीमवाल्यानंतर माझ्या रबराला असा हात लागला नव्हता.

तिने प्लग लावला. मोटरने एक झटका दिला आणि गपकन थांबली. आई श्वास रोखून उभी. मीही. मग दुसरा झटका, आणि मी चालू झालो.

मी पुरता गार होईपर्यंत ती दर थोड्या वेळाने येऊन हात लावून जायची. अखेर तिने बादली आणली. पाकिटं बहुतेक सगळी दगडासारखी होती. कडेचं एक मात्र वितळून पाणी झालं होतं. तिने ते उघडून वास घेतला. सूनबाई काय म्हणाली होती ते तिला आठवत होतं. तिने ते मोरीत ओतलं आणि रिकाम्या पाकिटावरची तारीख पाहिली. "झोप मोडून काढलं होतं पोरीने," ती म्हणाली.

संध्याकाळी फोन वाजला. सूनबाईच होती. "आई, दूध टिकलंय ना? नाहीतर तसं सांगा, मी उद्याच निघते. दुसरं कोणी बघेल इकडचं."

आईने माझ्याकडे पाहिलं. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. मी टिकेन की नाही, हे तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

"टिकलंय," ती म्हणाली. "तू तुझी मोजणी पुरी करून ये."

"तुमचा आवाज दमल्यासारखा येतोय."

"धुणं होतं."

मी टिकलो. कसा, ते विचारू नका. जी बाई माझ्या जिवावर खोटं बोलली, तिला तोंडघशी कसं पाडणार? शेवटच्या दिवसापर्यंत दूध पुरलं. रात्री मोटर थांबायची, पुन्हा लागायची, पुन्हा थांबायची. पहिल्यांदा थांबलो तेव्हा आई 'गेला' म्हणून धावत आली होती. मग तिला सवय झाली.

सूनबाई आली ती उन्हाने काळवंडून, पण चेहरा उजळलेला. मोजणी तिच्या सहीने पुरी झाली होती. बाळाला घेऊन ती थेट माझ्याकडे आली आणि मला उघडा बघून दारातच थबकली.

"खोळ?"

"कापली," आई म्हणाली, आणि सगळं सांगितलं. वाया गेलेलं पाकीटही सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुला माहीत होतं ना गं?"

सूनबाईने होकारार्थी मान हलवली. "तुम्ही इतक्या हौसेनं शिवली होती."

"म्हणून दूध नासू द्यायचं? अगं, मी काय खाल्लं असतं तुला? तोंडावर सांगायचं."

"सांगू?"

"सांग की."

सूनबाईने बाळाकडे पाहिलं. बाळाच्या डोक्यावर टोपी होती, अंगात स्वेटर, पायांत मोजे, वर दुपटं. "आई, बाळालाही इतकं गुंडाळू नका. गळा लाल झालाय बघा त्याचा. मी कधीपासून बघतेय."

मला वाटलं, झालं, आता पेटलं. आईचा चेहरा पडला. ती पुढे आली, बाळाच्या गळ्याशी बोट घालून पाहिलं आणि हळूच टोपी काढली. आत जावळ घामाने डोक्याला चिकटलं होतं. तिने पदराने ते टिपलं. टिपताना तिचे डोळे भरून आले.

"हे तर आधी सांगायचं होतंस," ती म्हणाली. तिने स्वेटरची बटणं काढली. बाळाने मोकळे हात पसरले.

नेमका तेव्हाच मी थांबलो. सूनबाईने कित्येक महिन्यांत मला गप्प पाहिलं नव्हतं. "बंद पडला," म्हणत ती झाकणाकडे झेपावली.

आईने तिचा हात धरला. "राहू दे. बरा आहे तो. थांबू दे त्याला."

तर वाचकहो, तुमच्या घरात माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याच्या कुशी उघड्या राहू द्या. रबर पुसा. बर्फ बोटभर झाला की सुट्टी काढा, आणि सुरी हातात घेऊ नका. प्रेम असेल तर ते असं करा. मी आता म्हातारा झालोय, मधेच धडधडतो, पण बाळाचं दूध सध्या माझ्याकडेच असतं.

काल दुपारी आई टेप घेऊन धुण्याच्या यंत्राभोवती फिरत होती. रुंदी घेतली, उंची घेतली. इतक्यात सूनबाई दारातून म्हणाली, "आई."

एवढंच. आईने टेप गुंडाळली.

"बघत होते नुसती," ती म्हणाली.